हवामान केंद्राचा जुना आणि नवा डेटाबेस एकत्र करायचाय, नवख्याला मदत हवी

ढगाळ

नमस्कार मंडळी,

घरच्या हवामान केंद्राची जुनी यंत्रणा काढून नवी बसवली. सॉफ्टवेअर दोन्हीकडे वीवेक्सच (केंद्राच्या नोंदी साठवून आलेख-अहवाल बनवणारं), फक्त जुन्या संगणकावर चौथ्याच्या आधीची आवृत्ती होती आणि नव्यावर पाचवी आहे. त्यामुळे हातात एसक्यूलाइट डेटाबेसच्या दोन फायली आल्या आहेत. एकीत कित्येक वर्षांच्या नोंदी, दुसरीत फक्त बदलानंतरच्या. मधले काही दिवस दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी चालू होती, त्यामुळे तेवढ्या दिवसांच्या नोंदी दोन्ही फायलींत आहेत.

मला एकच सलग फाइल हवी आहे, म्हणजे गेल्या वर्षीचा पाऊस आणि यंदाचा एकाच आलेखात दिसेल. एसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट' आणि 'व्हेअर'च्या पुढे माझी मजल जात नाही. जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगावं.

झटपट

जुन्या फायलीचा डंप (म्हणजे सगळा डेटा एसक्यूएल आज्ञांच्या रूपात) काढायचा आणि नव्या फायलीत ओतायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

टेबलकर

@झटपट, पाच मिनिटांत होईल आणि निस्तरायला पाच दिवस लागतील.

ढगाळ, आधी काही न बदलता फक्त बघून घ्या. दोन्ही मूळ फायली बाजूला ठेवा आणि प्रतींवरच काम करा. प्रत काढताना सेवा थांबवा. चालू डेटाबेसची फाइल तशीच उचलून दुसरीकडे ठेवली तर एखादा अर्धवट लिहिलेला भाग त्यात येऊ शकतो. सेवा थांबवणं शक्य नसेल तर एसक्यूलाइटची स्वतःची 'बॅकअप' आज्ञा वापरा, ती चालू फायलीचीही धड प्रत काढते.

मग दोन्ही प्रतींवर या गोष्टी चालवून उत्तरं इथे द्या:

'प्रॅग्मा इंटेग्रिटी चेक': उत्तर 'ओके' यायला हवं. जुन्या मेमरी कार्डावरून आलेल्या फायलींत बिघाड असणं नवं नाही.

'प्रॅग्मा टेबल इन्फो' आर्काइव्ह टेबलावर (सगळ्या नोंदी यातच असतात): स्तंभ किती आणि कोणते ते कळेल.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: 'युएस-युनिट्स' या स्तंभावर गट पाडून प्रत्येक गटात नोंदी किती, पहिली कधीची, शेवटची कधीची.

ढगाळ

धन्यवाद टेबलकर. दोन्हीकडे 'ओके' आलं.

जुनी फाइल: पन्नासेक स्तंभ. युएस-युनिट्स सगळीकडे १. 'इंटरव्हल' (किती मिनिटांनी नोंद) स्तंभात १०.
नवी फाइल: शंभराच्या वर स्तंभ. युएस-युनिट्स १७. इंटरव्हल ५.

हे १ आणि १७ काय प्रकरण आहे?

अंशांश

तेच खरं प्रकरण आहे. वीवेक्स प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या एककांत आहे हे लिहून ठेवतं. १ म्हणजे अमेरिकी पद्धत: तापमान फॅरनहाइट, दाब इंच पारा, वारा ताशी मैल, पाऊस इंच. १७ म्हणजे सेल्सिअस, मिलिबार, मीटर प्रतिसेकंद आणि मिलिमीटर. तिसरा प्रकार १६, तोही मेट्रिकच, पण त्यात वारा ताशी किलोमीटर आणि पाऊस सेंटिमीटरमध्ये.

तुमचं नशीब बरं की १ आणि १७ अशी जोडी आहे. एकीकडे ७८ आणि दुसरीकडे २५.६ दिसलं की कोणीही थबकेल. १६ आणि १७ची सरमिसळ मात्र डोळ्यांना दिसत नाही. तापमान तेच, दाब तोच. पावसाच्या रकान्यात दोन्हीकडे ०.२ लिहिलेलं, पण एकीकडे त्याचा अर्थ २ मिलिमीटर आणि दुसरीकडे ०.२ मिलिमीटर. वाऱ्याचंही तसंच, एकीकडे १८ तर दुसरीकडे ५, आणि वारा एकच. पावसाची वार्षिक बेरीज येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

झटपट

पण वीवेक्स स्वतः एककं ओळखून बदलून घेत नाही का? स्तंभ त्याचसाठी आहे ना?

अंशांश

दाखवताना बदलतं, साठवताना एका टेबलात एकच पद्धत अपेक्षित धरतं. टेबलाची पद्धत ते त्यातल्या एका नोंदीवरून ठरवतं. तुम्ही थेट एसक्यूएलने जुन्या नोंदी ओतल्यात की सगळ्यांत जुनी नोंद फॅरनहाइटवाली होणार, त्यावरून टेबल अमेरिकी ठरणार, आणि नव्या केंद्राची पुढची नोंद आली की 'एकक पद्धत जुळत नाही' म्हणून सॉफ्टवेअर ती घ्यायलाच नकार देणार. एसक्यूलाइटला बिचाऱ्याला फॅरनहाइट-सेल्सिअस काही माहीत नाही, तो आकडा आला की ठेवून घेतो.

टेबलकर

शिवाय डंपमधल्या 'इन्सर्ट' ओळींत स्तंभांची नावं नसतात, फक्त किमती ओळीने असतात. इथे स्तंभांची संख्या वेगळी असल्याने एसक्यूलाइट लगेच ओरडेल, हे चांगलंच. संख्या सारखी आणि क्रम वेगळा असता तर आर्द्रतेच्या जागी वाऱ्याची दिशा निमूट जाऊन बसली असती.

आता मार्ग. एककं हाताने बदलायच्या फंदात पडू नका. वीवेक्सबरोबर 'वीसीटीएल डेटाबेस' ही हत्यारं येतात, त्यातलं 'रीकॉन्फिगर' यासाठीच आहे. जुन्या फायलीची प्रत नव्या संगणकावर आणा, कॉन्फिगरेशनच्याही एका वेगळ्या प्रतीत डेटाबेसचं नाव ती फाइल असं लिहा, 'टार्गेट युनिट' मेट्रिकडब्ल्यूएक्स (म्हणजे वरचं १७) असल्याची खात्री करा, स्कीमा (टेबलाची रचना) नवा म्हणजे 'डब्ल्यूव्ह्यू एक्स्टेंडेड' ठेवा आणि रीकॉन्फिगर चालवा. मूळ फायलीला हात न लावता शेजारी त्याच नावाला 'न्यू' जोडलेली दुसरी फाइल तयार होते. तिच्यात एककं आणि स्तंभ दोन्ही नव्या फायलीसारखे असतात.

एक सावधगिरी: जुन्या टेबलात तुम्ही स्वतः एखादा स्तंभ जोडला असेल, समजा मातीच्या ओलाव्याचा स्वतःच्या नावाने, तर तो नव्या स्कीमात आधी घाला. स्कीमात नाही ते पुढे जात नाही.

ढगाळ

स्वतःचे स्तंभ नाहीत. रीकॉन्फिगर चाललं, 'न्यू' फाइल तयार झाली. ७८ चे २५.५६ झालेत, दाब २९.९२ चा १०१३.२ झालाय. आता जोडायचं कसं?

टेबलकर

आता खरंच पाच मिनिटांचं काम राहिलं, झटपटरावांचं म्हणणं इथे लागू होतं :)

नव्या फायलीची प्रत एसक्यूलाइटमध्ये उघडा. 'ॲटॅच' आज्ञेने 'न्यू' फाइल 'जुनी' या नावाने जोडा. मग 'इन्सर्ट ऑर इग्नोर इन्टू आर्काइव्ह', पुढे कंसात स्तंभांची नावं, पुढे तीच नावं त्याच क्रमाने 'जुनी'च्या आर्काइव्हमधून सिलेक्ट. दोन्ही स्कीमा आता सारखे आहेत, त्यामुळे तारांकन टाकूनही चालेल, पण नावं लिहिलेली बरी.

'इग्नोर'मुळे ज्या वेळेची नोंद आधीच आहे ती वगळली जाते, कारण 'डेटटाइम' (नोंदीची वेळ) ही प्राथमिक चावी आहे, तिची तीच किंमत दोनदा येऊ शकत नाही. 'रिप्लेस' वापरलंत तर उलट होईल, समांतर दिवसांत जुनं यंत्र नव्याला पुसून टाकेल.

पर्जन्यमापी

थांबा थांबा. समांतर दिवसांसाठी फक्त 'इग्नोर'वर विसंबू नका!

चावी जुळली तरच नोंद वगळली जाते. डेटटाइम हा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा. समजा नव्या यंत्राची नोंद १७०००००१०० ला आहे. जुन्याचीही बरोबर त्याच सेकंदाला असेल तर ठीक. पण ती १७०००००१०७ ला असेल, किंवा एखादं यंत्र काही मिनिटं बंद पडून त्याची नोंद राहिली असेल, तर चावी वेगळी झाली. मग दोन्ही यंत्रांच्या नोंदी टेबलात गुण्यागोविंदाने नांदतील. तापमानाची सरासरी फारशी हलणार नाही. पावसाचं काय? आर्काइव्हमध्ये पाऊस 'त्या अवधीत पडलेला' असा असतो आणि दिवसाचा पाऊस म्हणजे या सगळ्यांची बेरीज. दोन यंत्रांनी मोजलेली तीच सर दोनदा धरली जाईल.

त्यामुळे एक क्षण ठरवा. त्याच्या आधीचं सगळं जुन्याचं, नंतरचं नव्याचं. कोरड्या दिवसाची मध्यरात्र निवडा म्हणजे सर मधोमध कापली जात नाही. जुन्यातून घेताना डेटटाइम त्या क्षणापर्यंत अशी अट घाला आणि नव्या फायलीच्या प्रतीतून त्या क्षणापर्यंतच्या नोंदी आधी काढून टाका.

मात्र समांतर दिवसांच्या दोन्ही यंत्रांच्या नोंदी वेगळ्या फायलीत जपून ठेवा. का ते पुढे सांगेन.

टेबलकर

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). मध्यरात्रीची नोंद कोणत्या दिवसाची हेही लक्षात असू द्या. वीवेक्समध्ये डेटटाइम हा अवधीचा शेवट असतो. रात्री बाराच्या ठोक्याची नोंद म्हणजे त्याआधीची पाच किंवा दहा मिनिटं, म्हणजे आदल्या दिवसाची. म्हणून अट 'पेक्षा लहान किंवा समान' अशी हवी, नुसती 'लहान' नको.

धुकं

धागा हायजॅक करत नाही, पण माझ्याकडे जुना डेटा दुसऱ्याच सॉफ्टवेअरचा आहे, सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकूर फायलीत). मला हेच लागू होईल का?

टेबलकर

तुम्हाला 'वीसीटीएल इम्पोर्ट' वापरावं लागेल. ते सीएसव्ही घेतं, क्युम्युलस आणि वेदर डिस्प्लेच्या फायलीही घेतं. कोणता रकाना म्हणजे काय आणि कोणत्या एककात, हे एका छोट्या फायलीत लिहून द्यायचं. आधी 'ड्राय रन' करा, त्यात काही लिहिलं जात नाही.

तुमच्यापुढे दोन वेगळे खड्डे आहेत. पहिला, वेळ. सीएसव्हीत स्थानिक वेळ असेल आणि तुमच्या देशात उन्हाळी वेळ पाळत असतील तर शरद ऋतूत घड्याळ मागे घेतात त्या रात्री एक तास दोनदा येतो. वेळ सेकंदांच्या आकड्यात असेल तर अंक मोजा: दहा अंक म्हणजे सेकंद, तेरा म्हणजे मिलिसेकंद. दुसरा, पाऊस. काही सॉफ्टवेअर दिवसाचा साठत जाणारा पाऊस लिहितात, अवधीचा नाही. तो तसाच घेतलात तर बेरजेची बेरीज होऊन एका दिवसात पूर येईल. इम्पोर्टमध्ये 'रकाना साठत जाणारा आहे' असं सांगायची सोय आहे, ती वापरा.

ढगाळ

अपडेट: जोडलं. आलेखात सगळी वर्षं सलग दिसतायत, बघून फार बरं वाटलं. पण 'वर्षभरातलं कमाल', 'वर्षाचा पाऊस' हे जुन्या वर्षांसाठी रिकामं येतंय. डेटा आहे तर आकडे का नाहीत?

कमालकिमान

कारण डेटा दोन जागी असतो. आर्काइव्ह टेबलाशिवाय प्रत्येक निरीक्षणासाठी 'आर्काइव्ह डे' ने सुरू होणारं एक टेबल असतं, त्यात दिवसाला एक ओळ: किमान, ते कधी, कमाल, ते कधी, बेरीज, किती नोंदी वगैरे. आलेखाच्या रेषा आर्काइव्हमधून निघतात, वर्षाचे आकडे आणि मासिक अहवाल या रोजच्या सारांशांतून. सारांश कुठपर्यंत झालेत याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं आणि तिथून पुढचंच बघतं. तुम्ही घातलंत ते मागचं, त्याच्या दृष्टीने ते घडलेलंच नाही.

सेवा थांबवा, 'वीसीटीएल डेटाबेस'मधलं 'ड्रॉप डेली' (सारांश काढून टाकणारं) चालवा, मग 'रीबिल्ड डेली' (ते नव्याने बनवणारं). काही वर्षांचा डेटा असेल तर थोडा वेळ जाईल. पाच मिनिटांच्या अवधीने वर्षाला १,०५,१२० नोंदी होतात.

त्याआधी नव्या संगणकाचा टाइम झोन तपासा. सारांशाचा दिवस स्थानिक मध्यरात्रीपासून मोजला जातो. छोटे संगणक पुष्कळदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवलेले येतात. तसा राहिला असेल तर सगळे दिवस चुकीच्या जागी कापले जातील आणि पहाटेचं किमान भलत्याच तारखेला जाईल.

हे करण्याआधी जुनी मूळ फाइल हाताशी आहे ना? तिच्यातले सारांश मला हवे आहेत.

ढगाळ

मूळ फाइल आहे. पण सारांश नव्याने बनणारच आहेत तर जुने कशाला?

कमालकिमान

कारण नव्याने बनवलेले थोडे बोथट असतात. चालू असताना वीवेक्स दर काही सेकंदांनी येणारं वाचन बघून कमाल-किमान नोंदवतं. आर्काइव्हमध्ये मात्र तापमानाची दहा मिनिटांची सरासरी जाते. दुपारी ढग बाजूला होऊन क्षणभर ३८.४ झालं असेल तर जुन्या सारांशात ३८.४ आहे. आर्काइव्हमध्ये त्या दहा मिनिटांचं समजा ३७.९ आहे, आणि रीबिल्ड करताना त्याला तेवढंच दिसतं. रीकॉन्फिगरनेही सारांश आर्काइव्हवरूनच बनवले आहेत, म्हणजे 'न्यू' फायलीत ते क्षणिक आकडे नाहीतच. वाऱ्याच्या झोताचं नुकसान होत नाही, कारण झोताचा स्तंभ मुळातच त्या अवधीतला कमाल असतो.

सगळे सारांश उचलून आणायचा अट्टहास नको. एककं बदलताना कमाल-किमान सरळ सूत्राने बदलतात, पण बेरजेचं तसं नाही, तिथे बेरजेतून ३२ गुणिले नोंदींची संख्या वजा करून मग नऊ-पंचमांशाने भागावं लागतं. मी फक्त बाहेरच्या तापमानाचं कमाल, किमान आणि त्यांच्या वेळा एवढंच आणेन. रीबिल्ड झाल्यावर मूळ फाइल ॲटॅच करा आणि त्या चार स्तंभांना 'अपडेट' करा. दिवसाची चावी दोन्हीकडे स्थानिक मध्यरात्रच असल्याने ओळी जुळतात. सांध्याआधीच्या (जुनं-नवं जोडण्यासाठी ठरवलेल्या क्षणाआधीच्या) दिवसांनाच लावा. नव्या यंत्राचेही क्षणिक कमाल-किमान टिकवायचे असतील तर तुमच्या आत्ताच्या नव्या फायलीची प्रत ठेवून तीच क्रिया करा, तिथे एकक बदलायची गरज नाही.

झटपट

अर्ध्या अंशासाठी एवढा खटाटोप?

कमालकिमान

विक्रम अर्ध्या अंशानेच मोडतात हो.

पर्जन्यमापी

आता समांतर दिवसांबद्दल. ढगाळ, दोन्ही यंत्रांचं त्या दिवसांतलं दुपारचं कमाल आणि पहाटेचं किमान शेजारी मांडून बघितलंत का?

ढगाळ

आत्ता बघितलं. दुपारी जुनं यंत्र जास्त दाखवतं, उन्हाच्या दिवशी एका अंशाच्या आसपास. पहाटे जवळपास सारखं. दाब मात्र कायम साधारण ५ मिलिबारने वेगळा आहे.

मग जुन्या सगळ्या तापमानांतून एक अंश वजा करून टाकू का?

अंशांश

नको! तुम्हीच लिहिलंय की पहाटे फरक नाही. तो फरक सेन्सरचा नाही, त्याच्यावरच्या आडोशाचा (उन्हापासून वाचवणाऱ्या कवचाचा) आहे. ऊन असेल आणि वारा पडलेला असेल तेव्हा फरक वाढतो, ढगाळ दिवशी नाहीसा होतो. सरसकट एक अंश वजा केलात तर दुपार कदाचित सुधारेल पण प्रत्येक पहाट बिघडेल.

हे मोठ्या यंत्रणांनाही भोगावं लागलंय. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यात स्वयंसेवकांच्या सहकारी हवामान केंद्रांवर लाकडी पेटीतल्या काचेच्या तापमापकांऐवजी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले. नंतर तपासलं तेव्हा सरासरी कमाल साधारण ०.४ अंश सेल्सिअसने उतरलं होतं आणि किमान ०.३ अंशाने चढलं होतं. एकाच बदलाने दोन टोकं दोन दिशांना गेली.

सरळमार्गी

मग काय, चुकीचा डेटा चुकीचाच ठेवायचा? आलेखात सांध्यावर पायरी दिसणार. मी तर दुरुस्त करूनच ठेवला असता.

पर्जन्यमापी

दुरुस्त जरूर करा, पण दुसऱ्या जागी. जगभरच्या केंद्रांच्या मासिक तापमानाचा 'जीएचसीएन' संग्रह दोन रूपांत मिळतो, एक न बदललेला आणि एक सुधारलेला. उद्या कोणाला सुधारणेची पद्धत पटली नाही तर मूळ तिथे असतं. मूळ टेबलातच वजाबाकी केली की ती कोणी, कधी, किती केली हे शोधायला काही उरत नाही.

जागतिक हवामान निरीक्षणाच्या तत्त्वांतही हेच आहे: जुनी आणि नवी यंत्रणा पुरेसा काळ एकत्र चालवा आणि बदलाचा तपशील जपा. म्हणून म्हटलं त्या समांतर नोंदी टाकू नका. जुनं यंत्र अजून धडधाकट असेल तर खरं तर परत जोडा आणि सगळे ऋतू होऊ द्या. चार दिवसांच्या तुलनेवर वर्षांची दुरुस्ती करता येत नाही.

सरळमार्गी

घरच्या केंद्रासाठी हे जरा अति होतंय असं माझं मत. पण मूळ ठेवा हे मान्य.

टेबलकर

दाबाचं वेगळं आहे, ते सुधारता येईल असं वाटतं. वीवेक्समध्ये दाबाचे तीन स्तंभ असतात: 'प्रेशर' म्हणजे यंत्राच्या जागेचा खरा दाब, 'बॅरोमीटर' म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला, आणि 'अल्टिमीटर', म्हणजे तसाच पण फक्त उंचीवरून आणलेला. तुम्ही बहुतेक बॅरोमीटर बघताय. प्रेशर स्तंभ जुळवून पाहा. तो दोन्हीकडे सारखा असेल तर सेन्सर निर्दोष आहेत आणि कुठल्या तरी एका कॉन्फिगरेशनमध्ये उंची चुकली आहे. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटरला १ मिलिबार पडतो, म्हणजे ५ मिलिबारसाठी ४० मीटर. उंची फुटांत लिहिली की मीटरमध्ये, तेही बघा.

ढगाळ

प्रेशर दोन्हीकडे सारखाच आहे, दशांशाचा फरक. नव्या यंत्रात उंची विझार्डने विचारली होती, तिथली ४० मीटरने कमी आहे! ती दुरुस्त केली.

रीबिल्ड पूर्ण झालं, तापमानाचे कमाल-किमानही आणले. फाइल जागेवर ठेवून सेवा सुरू केली तर लॉगमध्ये 'केवळ वाचनीय डेटाबेस' अशी त्रुटी येतेय.

टेबलकर

फाइल तुम्ही रूट (संगणकाचा मुख्य वापरकर्ता) म्हणून हलवली असणार. नव्या आवृत्त्यांत पॅकेजने बसवलेली सेवा 'वीवेक्स' नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली चालते. फायलीची मालकी त्याच्याकडे द्या. ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथेही त्याला लिहिण्याची परवानगी हवी, कारण एसक्यूलाइट लिहिताना शेजारी तात्पुरती जर्नल फाइल बनवतं.

चुकीच्या उंचीने साठलेला बॅरोमीटर स्तंभ आपोआप बदलणार नाही. प्रेशर आणि उंचीवरून तो पुन्हा काढायला 'वीसीटीएल डेटाबेस'मध्ये 'कॅल्क मिसिंग' आहे, पण नावाप्रमाणे ते रिकाम्या जागाच भरतं. म्हणून प्रतीवर, त्या काळापुरता बॅरोमीटर आणि अल्टिमीटर आधी रिकामा करा, मग चालवा.

ढगाळ

चाललं! वर्षाचे आकडे आले. फक्त जुन्या महिन्यांचे मासिक अहवाल अजूनही कोरे दिसतायत.

कमालकिमान

ते मजकुराच्या फायली म्हणून एकदाच बनतात, आधीच असलेल्या जुन्या महिन्याची फाइल पुन्हा लिहिली जात नाही. या अहवालांच्या 'नोआ' फोल्डरमधल्या सगळ्या मजकूर फायली काढून टाका, पुढच्या फेरीत नव्याने बनतील.

धुकं

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक शंका: सांधा कुठे आहे, आडोसा कधी बदलला हे लिहून कुठे ठेवायचं? डेटाबेसमध्येच एक वेगळं टेबल केलं तर?

पर्जन्यमापी

करता येईल, वीवेक्स अनोळखी टेबलाला हात लावत नाही. तारीख, काय बदललं, जुनं-नवं यंत्र, सेन्सरची जमिनीपासूनची उंची, पर्जन्यमापकाचा एक टप्पा किती (काहींत ०.२५४ मिलिमीटर, काहींत ०.२), एवढे रकाने पुरेत. पण पुढे कधी पुन्हा रीकॉन्फिगर केलंत तर ते फक्त आर्काइव्ह पुढे नेतं, तुमचं टेबल मागेच राहील. म्हणून तोच मजकूर साध्या फायलीत बॅकअपच्या फोल्डरमध्येही टाका.